वैद्य सरांचं दुसरं तिकीट

वैद्य सर सकाळच्या कॉलेजच्या बसमध्ये एकटेच चढत आणि दोन फुल तिकिटं मागत. पासष्टीनंतर तिकीट अर्धं, पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट. सर सत्त्याहत्तरचे होते. पण फुकट्या म्हाताऱ्याला डेपो प्रवासी धरत नाही, असा त्यांना संशय होता.

"सर, यंदाही चौसष्टच?" कंडक्टर सुरेखाबाई विचारत.

"या वयात माणूस सावकाश वाढतो."

शेजारच्या सीटवर ते छत्री ठेवत. कॉलेजच्या फाट्यावर चहा घेत आणि त्याच बसने कर्जतला परतत. शेअर रिक्षावाले चिडवत, सर, कशाला त्या खटाऱ्यात बसता? सर म्हणत, तुमची रिक्षा भरेपर्यंत पहिला तास संपतो. शिवाय डोंगराखालच्या वाडीवर रिक्षा जातच नव्हत्या.

या दोन तिकिटांचं कारण मला ठाऊक होतं. मी कॉलेजात नवा ग्रंथपाल असताना डेपोने कॉलेजला विचारलं होतं, वाडीवरून किती मुली चढतात? सर गणिताचे, अंदाज त्यांना चालत नसे. दोन दिवस स्वतः थांब्यावर उभे राहिले, मोजलं आणि लिहून दिलं, शून्य. आठवडा भाताच्या आवणीचा होता. मुली समोरच्याच शेतात, गुडघाभर चिखलात होत्या. फेरी बंद झाली. अर्ज करकरून सरांनी ती दोन वर्षांनी सुरू करवली, तोवर त्यांच्या वर्गातल्या कांताचं वाडीतच लग्न झालं होतं.

"आकडा बरोबर होता," ते मला एकदाच म्हणाले. "तेच वाईट."

सर परवा वारले, आवणीच्याच आठवड्यात. काल शोकसभेत त्यांच्या अचूकपणाचं भरभरून कौतुक झालं. ऐकायला ते नव्हते, हे बरंच.

आज बसमध्ये मी एकटाच प्रवासी. वाडीच्या थांब्यावर कांता उभी होती, हात चिखलाने भरलेले. चढली नाही. खिडकीतून सरांच्या सीटकडे पाहत राहिली.

"सर गेले," मी म्हणालो.

"कळलं." हात पदराला पुसत म्हणाली, "माज्या टायमाला यक जास्तीचं तिकीट काडलं आसतं, तर मी शिकली आसती."

मी खिडकीची काच आणखी सरकवली.

"पोरगी येनार हाय आता कॉलेजला. आवणी उरकू दे. तवर गाडी बंद व्हाया नको."

बस सुटली. माझं तिकीट कर्जतलाच काढलेलं होतं. मी आणखी एक फुल मागितलं. कुणाचं, असं सुरेखाबाईंनी विचारलं नाही. मी माझी छत्री उचलून शेजारच्या सीटवर ठेवली.