आत्याबाई निकामी झाल्या तर

"पेशी दुभंगण्याआधी तिला थांबवतं कोण?" बाबांनी पुस्तकात बोट ठेवून विचारलं.

"पी-एकवीस," लेक म्हणाली. "नाही, पी-त्रेपन्न. की पी-सोळा?"

लेक डॉक्टर होती. कॅन्सरच्या वॉर्डात काम करायची आणि पेशंट तिलाच शोधत यायचे. पण कॅन्सरतज्ज्ञ व्हायच्या परीक्षेचा पहिला भाग म्हणजे नुसतं मूळ विज्ञान. पेशी, प्रथिनं, किरणं, आकडेमोड. त्यात पेशंट कुठेच नव्हता. मागच्या खेपेला ती त्यातच नापास झाली होती. ही शेवटची संधी होती, आणि ही हुकली तर वॉर्डातली तिची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळणार होती.

तिला शाळेपासून मोठ्यानं उत्तरं देत अभ्यास करायची सवय. त्यासाठी समोर कोणीतरी पुस्तक धरून बसावं लागे. ते काम आईचं होतं. आई गेल्यावर ती खुर्ची बाबांकडे आली. बाबांनी सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून केली होती. लाऊडस्पीकरवरून गाड्या पुकारून पुकारून त्यांना हळू बोलणं असं उरलंच नव्हतं.

"हे असे नंबर घोकून काही होणार नाही," ते म्हणाले. "आम्ही डेपोत गाडी कधी नंबरानं ओळखली नाही. ड्रायव्हरच्या नावानं ओळखायचो. ही पी-त्रेपन्न करते काय, ते सांग."

लेकीनं सांगितलं. हे पेशीतलं एक प्रथिन. पेशी दोन व्हायला निघाली की ही पी-त्रेपन्न आडवी येते. आत काही चुकलंय का बघते. चूक दुरुस्त होण्यासारखी असेल तर होऊ देते, नसेल तर पेशीलाच निकालात काढते.

"ही तर आपली ताई," बाबा म्हणाले.

ताई म्हणजे बाबांची थोरली बहीण, लेकीची आत्या. घरातलं एकही लग्न तिच्या तपासणीशिवाय पार पडलं नव्हतं आणि दोन तर तिनं मोडलीही होती. त्या दिवसापासून पी-त्रेपन्न आत्याबाई झाली. बिघडून एकदा चालू झालं की बंद न होणारं रास हे प्रथिन मामांच्या नावावर गेलं. मरायला टेकलेल्या पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल-टूला लेकीनं बाबांचं नाव दिलं, कारण बाबांनी आजवर एकही मोडकी छत्री टाकून दिली नव्हती. आठवड्यात जवळजवळ सगळी प्रथिनं नात्यात आली आणि लेकीची उत्तरं धडाधड यायला लागली.

एका सकाळी मामा उसनी नेलेली शिडी परत द्यायला आले. दार नुसतं लोटलेलं होतं. शिडी भिंतीला टेकवणार तोच आतून बाबांचा आवाज आला.

"आत्याबाई निकामी झाल्या तर?"

"मग कॅन्सरला मोकळं रान."

"बाहेरून बघून कळतं?"

"नाही. तपासल्याशिवाय नाहीच कळत."

"आणि औषध?"

"अजून तरी धड सापडलेलं नाही."

मामा शिडी तशीच खांद्यावर घेऊन घरी गेले. पोटात काही ठेवणं मामांना कधी जमलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोन गेले आणि प्रत्येकाला हेही सांगून झालं, की हे कोणाला सांगायचं नाही, विशेषतः ताईंना.

दुसऱ्या दिवसापासून सगळे आत्याबाईंशी गोड वागू लागले. ज्यांना आत्याबाईंनी वर्षभर धारेवर धरलं होतं, ते त्यांना तुमचंच बरोबर आहे असं सांगायला लागले. भाचेसुनेनं पडदे बदलले, तेही आत्याबाईंना विचारून. आत्याबाई हबकल्या. त्यांच्याशी वाद घालायचं सगळ्यांनी एकदम सोडलं, याचा अर्थ घरात कोणाला तरी काहीतरी भयंकर झालंय आणि ते त्यांच्यापासून लपवलं जातंय. भाची कॅन्सरची डॉक्टर, तेव्हा आजार तोच असणार; तो कोणाला झाला असेल याचा त्यांनी शांतपणे विचार केला. बायको गेल्यापासून नीट न जेवणारा एकच माणूस त्यांना आठवला. त्यांनी बॅग भरली आणि त्या भावाकडे राहायला आल्या.

आता पंचाईत झाली. आत्याबाई घरात असताना आत्याबाई निकामी कशा होतात हे मोठ्यानं बोलायचं कसं? बाप-लेक कुजबुजून बघायचे, पण बाबांची कुजबूज जिन्यापर्यंत जायची. म्हणून आत्याबाई खोलीत आल्या की दोघं पुस्तक मिटून गप्प बसायचे, आणि आत्याबाईंचा संशय आणखी पक्का व्हायचा. नावं बंद झाली तशी प्रथिनं पुन्हा नंबरांवर आली. परीक्षा तोंडावर आणि लेकीला पी-एकवीस कुठली अन् पी-सोळा कुठली ते आठवेना. एका दुपारी ती स्वयंपाकघरात भांडं विसळता विसळता रडली. आत्याबाईंनी ते पाहिलं.

त्यांनी मामांना बोलावून घेतलं आणि तिघांना समोर बसवलं.

"आता सरळ सांगा. याला कितपत पसरलाय?"

"मला?" बाबा म्हणाले. "काय पसरलाय?"

मामांना राहवलं नाही. "ताई, त्यांना नाही. तुम्हाला."

आत्याबाईंनी आधी मामांकडे पाहिलं, मग भाचीकडे. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं सगळं सांगितलं. नंबर, नावं, दुभंगणारी पेशी आणि कोण कोणाच्या नावावर गेलंय ते. मामा रासबद्दल काही बोलणार होते, पण आत्याबाईंनी हात वर केला.

आता त्या उठून निघून जातील असं बाबांना वाटलं. आत्याबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"मला कळतं कसं, की आत काही चुकलंय म्हणून?"

लेकीनं सांगितलं.

"मग मी स्वतः जाते, की कोणाला पाठवते?"

"पी-एकवीसला पाठवतेस. ती पेशीला थांबवते."

"म्हणजे हुकूम माझा. आणि निम्म्या कॅन्सरमध्ये मी बिघडलेली असते म्हणालीस. उरलेल्या निम्म्यात मी काय करत असते?"

त्या दुपारी आत्याबाईंनी भाचीची अशी उलटतपासणी घेतली, की तशी कुठल्या परीक्षकानं घेतली नसती. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि सगळं ठीक असताना मी गप्प कशी बसते?"

"तुला शांत ठेवणारं एक प्रथिन असतं. एमडीएम-टू. खरंच काही बिघडलं तर ते बाजूला होतं आणि तुला मोकळं सोडतं." लेक जरा अडखळली. "त्याला आम्ही नाव नाही दिलं. असं आपल्या घरात कोणी सापडेना."

"होती की," बाबा म्हणाले. या खेपेला त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला नाही. "तुझी आई."

मग आत्याबाई म्हणाल्या, "खरंय. माझं सगळं ऐकून घ्यायची आणि हातात चहा द्यायची. चहा संपेपर्यंत मी काय म्हणत होते तेच विसरून जायचे."

परीक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी सगळे पुन्हा जमले. लेक पास झाली होती. किरणांच्या पेपरात काठावर होती, कारण तसं चमकणारं घरात कोणी नव्हतं, पण पेशींच्या पेपरात तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. बाबांनी ही बातमी स्टँडवर पुकारावी तशी खिडकीतून खालच्या मजल्यालाही सांगितली. वॉर्डातली जागा तिचीच राहिली.

आत्याबाईंनी सगळ्यांना बोलू दिलं आणि मग मुद्द्याचं विचारलं.

"माझ्यावरचा प्रश्न किती मार्कांचा होता?"

"तुझ्यावर नव्हता, आत्या," लेक म्हणाली. "आईवर होता. सगळ्यात मोठा."

आत्याबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि त्या उठून सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या.