समुद्राकडे पाठ करून बसणाऱ्या आत्या

आमच्या सासूबाईंना समुद्र दाखवायला नेलं, की त्या समुद्राकडे पाठ करून बसत. मी त्यांना आत्या म्हणते. त्या आयर्लंडला आल्यापासून मी आणि दत्ता, म्हणजे त्यांचा मुलगा, दर रविवारी त्यांना किनाऱ्यावरच्या एकेका गावी न्यायचो. आम्ही लाटांचे फोटो काढायचो; त्या डोंगराकडे तोंड करून मेंढ्या न्याहाळायच्या. पहिल्या दिवशी तेवढं त्यांनी पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि थुंकल्या.

"एवढं पाणी, आन् जित्राबाला प्यायला थेंब न्हाई. काय करायचं असलं?"

केदारखेड्यात त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला. इथली मेंढरं राखणीशिवाय एकटीच चरतात, हे त्यांना काही केल्या पचेना. गाडीतून सारखं चालू, "बिलकुल बेवारस!" ओळखीसाठी मालकानं पाठीवर फासलेला निळा रंग बघून तर म्हणाल्या, "रंगवायला टाइम हाय, राखायला न्हाई."

घरी मात्र गप्प. कशीबशी अर्धी भाकरी खायची आणि विचारायचं, "दत्ता, माझं तिकीट कवा काढून राह्यला?" दोन महिने हेच. गावी त्यांच्याजवळ कुणी उरलं नव्हतं आणि इथं त्या रमत नव्हत्या. आमच्या जिवाला घोर.

एका रविवारी क्लिफ्डनजवळ आम्ही चहा आणायला गेलो. परत येतो तर बाकावर आत्या नाहीत. फोन गाडीत, इंग्रजीचा शब्द येत नाही, समोर खडक आणि खवळलेलं पाणी. दत्ता पाण्याकडे धावला, मी रस्त्याकडे. हाका मारून घसा बसला.

सापडल्या त्या एका कुंपणापलीकडे. लुगडं वर खोचून, एका मेंढीला दोन्ही गुडघ्यांत धरून उभ्या. शेजारी एक म्हातारा शेतकरी, टोपी हातात घेऊन.

"आत्या! किती शोधलं तुम्हाला!"

"वरडू नको, बुजंल ती. उताणी पडल्ती. गाभण हाय, पोट फुगून मेली असती. पायात जीव येईस्तोवर धरावं लागतं."

म्हातारा इंग्रजीत काहीतरी पुटपुटला.

"ते बराबर हाय," आत्या त्याला म्हणाल्या, "पर तुम्ही कुठं गेल्ता?"

त्यानं खाली मान घातली. मेंढी दोन पावलं डगमगली आणि कळपाकडे पळाली. मी तिथंच गवतात बसकण मारली. हसू येत होतं आणि डोळेही गळत होते.

परतीच्या वाटेवर आत्या अखंड बोलत होत्या. "दत्ता, पुढल्या ऐतवारी हितंच येऊ. व्याली का न्हाई ते बघाय लागंल."

घरी आल्यावर मी गरम पाणी काढलं. "हात धुऊन घ्या, आत्या. वाढते."

त्या दोन्ही तळवे नाकाशी धरून उभ्या होत्या. इकडे येण्याआधी त्यांची मेंढरं विकली, तेव्हा त्या "सुटले बाई" म्हणाल्या होत्या आणि आम्ही ते खरं मानलं होतं.

"राहू दे गं आजच्या दिस," त्या म्हणाल्या. "मी चमच्यानं जेवते."