डनॅरॉकच्या किल्ल्यातली नवी शिबंदी

सूचना शब्दशः पाळण्यात माझा हात धरणारं माणूस अख्ख्या स्कॉटलंडमध्ये सापडणार नाही! गेल्या जूनपर्यंत हे मी छातीठोकपणे सांगत असे.

एका वन्यजीव संस्थेत नवी नोकरी मिळत होती. डनॅरॉकच्या पडक्या किल्ल्यातली वटवाघळं उन्हाळाभर मोजायची. डोंगरातल्या लोकांवर वचक बसावा म्हणून राजाच्या फौजेने बांधलेला हा किल्ला आता डूगल मॅकफेल यांच्या मेंढ्यांच्या कुरणात उभा आहे. म्हणजे परवानगीच्या कागदावर सही त्यांची. शुक्रवारपर्यंत कागद पोचला नाही तर नोकरी दुसऱ्याला, आणि आज गुरुवार!

"किल्ला बघून ये पोरी, मग चहा पिता पिता सही करतो," मॅकफेल म्हणाले. "फक्त कुरणाचं फाटक जसं सापडेल तसंच सोड."

"मिस्टर मॅकफेल, हे काय मला सांगायला हवं?"

फाटक सताड उघडं होतं. मी वहीत लिहिलं: सव्वादहा, उघडं. मग वर जाऊन किल्ल्यात रमले. छप्पर नाही, जिना हवेत संपतो, दार एकच. भिंतींची जाडी मोजली. बंदुका रोखायच्या जंग्या मोजल्या, चौसष्ट निघाल्या. खात्री वाटेना म्हणून पुन्हा मोजल्या.

दोन तासांनी खाली येते तर फाटक बंद! पलीकडच्या वाडग्यात शेदीडशे मेंढ्या, बस चुकलेल्या उतारूंसारख्या माझ्याकडे टक लावून उभ्या.

मी कडी काढायला लागले. मागून ग्लासगोचा एक फिरस्ता येत होता.

"बाई, मी असतो तर बंदच ठेवलं असतं."

"का बरं?"

"पलीकडे मेंढ्या आहेत म्हणून."

"ते तुमचं मत झालं. माझ्याकडे नोंद आहे!"

मी फाटक उघडलं. पुढे काय झालं ते सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. पहिली मेंढी माझ्या पायांतून गेली, बाकीच्या मला वळसा घालून. मी उठले तेव्हा सगळी फौज डोंगर चढत होती. फिरस्ता टोपी सारखी करून म्हणाला, "नोंद करून घ्या," आणि चालू लागला.

मॅकफेल कुत्र्यासह धावत आले.

"फाटक कोणी उघडलं?"

"मला उघडं सापडलं होतं!"

"कधी?"

"सव्वादहाला."

"अगं, तू वर जंग्या मोजत होतीस तेव्हा मी अख्खा कळप डोंगरावरून खाली आणला! लोकर कापणारे तीनला येतायत! महिनाभर त्यांच्या मागे लागलोय मी!"

आम्ही वर गेलो. मेंढ्या किल्ल्यात शिरल्या होत्या. प्रत्येक जंगीत एक तोंड. हवेतल्या जिन्याच्या टोकावर एक म्हातारी मेंढी टेहळणी करत होती. एकुलत्या एका दारात भलामोठा मेंढा, डोकं खाली घालून. कुत्र्याने त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या मागे येऊन बसला.

"राजाची फौज इतकी चिवट असती," मॅकफेल म्हणाले, "तर आज आम्ही इथे नसतो."

"आपण मागच्या बाजूने..."

"तू बोलू नकोस."

मग पाऊस आला! ओली लोकर कापता येत नाही, आणि किल्ल्याला छप्पर नव्हतं हे मी स्वतः लिहून घेतलं होतं. लोकर कापणारे आले, गाडीतूनच भिजलेल्या किल्ल्याकडे बघून हसले, मॅकफेलबाईंच्या हातची केक-बिस्किटं संपवून निघून गेले. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

स्वयंपाकघरात मी ओलीचिंब बसले होते. कागद टेबलावर. नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते.

"सही करतो म्हणालो होतो ना?" मॅकफेल गुरगुरले. "मग करणार. पण कळप डोंगरावर असताना तू फाटकाच्या आसपास नकोस!"

त्यांनी सही केली आणि तारखा स्वतःच्या हाताने भरल्या: नोव्हेंबर ते मार्च. त्या दिवसांत कळप घराशेजारच्या शेतात असतो.

वटवाघळं त्या दिवसांत किल्ला सोडून गुहा-कपारींत हिवाळाभर झोपायला जातात. पण कागद वेळेत पोचला, संस्थेने फक्त सही बघितली, नोकरी मिळाली. पाच महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी, मी टॉर्च घेऊन त्या किल्ल्यात मोजणी केली.

एकूण वटवाघळं: शून्य. खात्री वाटेना म्हणून पुन्हा मोजली.