अक्कांची तापी

अक्का सायकलवर बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायच्या. चाकं दाबायच्या, ब्रेक ओढून बघायच्या, रुमाल वर धरून वारा पाहायच्या आणि मगच जळगावच्या रस्त्याला लागायच्या. गल्लीतल्या बायकांना ते व्रत वाटायचं. एकीनं तर उद्यापन कधी, असंही विचारलं होतं.

धुळ्याच्या एसटीभोवतीही त्यांची फेरी चुकली नाही. ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, हाई बस शे, इमान नही."

"विमान असतं तर तुला पुढे बसवलंच नसतं," अक्का म्हणाल्या आणि त्याला मागचं चाक दाखवलं. हवा खरंच कमी होती.

आमच्या शाळेत अक्का भूगोल शिकवायच्या, मी मराठी. महायुद्धात त्या विलायतेत होत्या. कारखान्यातली नवी विमानं एकटीनं उडवत लष्कराच्या तळावर पोचवायच्या. रेडिओ नसायचा, खाली नद्या आणि रेल्वेचे रूळ बघत जायचं. म्हणून नकाशा काढणाऱ्या मुलींना त्यांचं एकच पालुपद, "आधी नदी शोधा. नदी सापडली की घर सापडतं."

एकोणीसशे सत्तरच्या आसपास कपाशीवर औषध फवारणारं विमान असोद्याच्या माळावर उतरलं. वैमानिक हौशी. शाळेतल्या एकाला वर फिरवून आणतो म्हणाला. मागे जागा एकच. हेडमास्तर मला म्हणाले, "अक्कांचंच नाव देऊ ना?"

मी म्हणालो, "त्यांना हल्ली चक्कर येते. उगाच शोभा होईल."

हे धादांत खोटं होतं. ती जागा मला हवी होती. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही.

अक्का माळावर आल्या. विमानाभोवती सावकाश फिरल्या, पंखावरून हात फिरवला. मग माझा पट्टा आवळून म्हणाल्या, "मास्तर, माझ्यासाठी तापी बघून या."

चाकं जमिनीवरून सुटली तसे मी डोळे मिटले. ते उतरल्यावरच उघडले.

"कशी दिसली?"

मी मराठीचा मास्तर. चांदीची सरी, केळीच्या बागांची हिरवी शाल, सगळं ठोकून दिलं.

"कुठल्या हाताला होती?"

"उजव्या."

अक्कांनी हातानं दिशा धरून पाहिली. "पूर्वेला जाताना डाव्या हाताला हवी. येतानाची सांगताय होय?"

मी मान डोलावली.

मग दर शनिवारी शाळा सुटली की व्हरांड्यात हाक यायची, "मास्तर, तापी." मी दर वेळी नवं उड्डाण रचून सांगायचो. एकदा भरात पार धुळ्याकडचा सोनगीरचा किल्लाही दाखवला. अक्का म्हणाल्या, "एवढं पेट्रोल कुठून आणलंत?"

वर्षभरानं मला राहवेना. "अक्का, मी डोळे मिटून बसलो होतो."

"ठाऊक आहे. बिनदाराच्या विमानातून उतरणाऱ्याचे डोळे वाऱ्यानं लाल होतात. तुमचे ठणठणीत होते."

"मग दर शनिवारी विचारता कशाला?"

त्या रुमालाची घडी घालत राहिल्या. घातली, मोडली, परत घातली. "गावात वरचं बोलायला दुसरं कोण आहे मला?"

जागेसाठी बोललेलं खोटंही तेव्हाच सांगणार होतो. पण अक्कांनी खुर्ची पुढे ओढली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हं, मास्तर. वारा पूर्वेचा आहे. घ्या वर."

मी घेतलं. या वेळी तापी डाव्या हाताला ठेवली.