हवालदाराचे पोट

सकाळी साडेआठला हवालदाराने पुढच्या पायाने जमीन उकरायला सुरुवात केली, तेव्हा मोतद्दाराला वाटले, म्हाताऱ्याला खेळायची लहर आली असेल. हवालदार म्हणजे चोवीस वर्षांचा पांढरा घोडा. घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या शाळेत मुलांच्या दोन पिढ्या त्याच्या पाठीवरून पडून शहाण्या झाल्या होत्या. मालक बाकीचे पाच घोडे घेऊन तीन आठवड्यांसाठी स्पर्धेला गेले होते. मागे दोघेच राहिले होते. एक स्पर्धेला नेण्यात अर्थ नसलेला घोडा आणि दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवायला ठेवलेला माणूस.

हा माणूस बासष्ट वर्षांचा. बायको जाऊन चार वर्षे झाली होती, मुलगी परदेशात. ती दर रविवारी फोन करायची आणि "बाबा, नंतर निवांत बोलू" म्हणून ठेवायची. तो निवांत वार काही अजून उजाडला नव्हता. तेवढे सोडले तर गेल्या आठ दिवसांत मोतद्दार एकाच माणसाशी बोलला होता, आणि त्याने चुकून नंबर लावला होता. त्यालाही मोतद्दाराने "लावलाच आहे तर बोला की" म्हणून पाहिले, पण तो घाईत होता.

हवालदार वळून आपल्याच पोटाकडे बघू लागला. मग बसला, उठला, पुन्हा बसला. पुढ्यातल्या गवताला त्याने तोंडसुद्धा लावले नाही, तेव्हा मात्र मोतद्दाराच्या तोंडचे पाणी पळाले. हा पोटशूळ होता. माणसाचे पोट दुखले तर तो गोळी घेऊन पडून राहतो. घोड्याला उलटीसुद्धा करता येत नाही, आणि लोळता लोळता आतड्याला पीळ पडला तर जीवावर बेतते. त्याने जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

"हिरड्या कशा आहेत?" बाईंनी विचारले.

"माझ्या?"

"घोड्याच्या, मामा!"

"गुलाबी आहेत."

"मग घाबरू नका. खायचं सगळं काढून घ्या, पाणी राहू द्या. हळूहळू फिरवा, मधूनमधून थांबा. लोळू द्यायचं नाही. मी इकडे एका घोडीच्या बाळंतपणात अडकलेय, दोन तासांवर. दर अर्ध्या तासानं फोन करते. लीद पडली की सांगा, म्हणजे वाट मोकळी झाली."

मोतद्दार हवालदाराला अंगणात फिरवू लागला. बरोबर अर्ध्या तासाने फोन वाजला. "पडली?" "नाही." "पोटाला कान लावा. गुडगुड ऐकू येतेय?" "बारीक येतेय." पुढच्या फोनला बाईंनी विचारले, तुम्ही एकटेच आहात का. त्यापुढच्या फोनला घोडी काही घाई करीत नव्हती, म्हणून बाईंनी हवालदाराची सगळी हकीकत विचारली. मोतद्दाराने ती सांगितली, वर आपलीही थोडी जोडली. साडेअकरापर्यंत त्याचा घसा दुखायला लागला. आठ दिवस न वापरलेला घसा, दुखणारच.

बारा वाजता हवालदाराने शेपूट उचलली आणि अंगणाच्या मधोमध लीद टाकली. चांगली गोल, ओलसर, वाफाळणारी लीद! मोतद्दाराने घोड्याच्या गळ्यात हात टाकले. "शाब्बास रे माझ्या राजा!" त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात फोन वाजला.

"पडली का हो मामा?"

पडली म्हटले की बाई म्हणणार, छान झालं, ठेवते. मग पुढच्या रविवारपर्यंत तो आणि घोडा, घोडा आणि तो. इथेच घोडे पेंड खात होते.

"नाही अजून," मोतद्दार म्हणाला, आणि हे कोणी तिऱ्हाईतच बोलला असावा तसा चकित झाला. फोन ठेवल्यावर त्याने लिदीवर घमेले पालथे घातले. बघायला तिथे चिटपाखरू नव्हते, पण चोराच्या मनात चांदणे.

हवालदाराला यातले काही ठाऊक नव्हते. वाट मोकळी झाली म्हटल्यावर त्याने दीड वाजता दुसरा ढीग टाकला. त्यावर बादली गेली. तीनला तिसरा. त्यावर मोतद्दाराने आपली आंघोळीची बादली ठेवली. आता झाकायला घरात फक्त चहाचे पातेले उरले होते. दरम्यान बाईंनी काळजीपोटी मालकांना कळवले आणि एरवी मुका असलेला फोन खणखणू लागला. मालक म्हणाले, "मामा, माझी पोर त्याच्यावर बसून शिकलीय. ऑपरेशन लागलं तर करू, मी घोड्यांच्या रुग्णालयाची गाडी सांगून ठेवतो." मग फोनवर मालकीणबाई आल्या. मग ती पोर, जी आता पंचविशीची होती, फोनवर रडली. मोतद्दार सगळ्यांना धीर देत होता आणि शरमेने त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

सव्वातीनला बाईंचा फोन आला. "घोडी मोकळी झाली. मी निघालेय. एवढा वेळ लीद नाही, हे काही खरं नाही. नाकातून नळी घालावी लागेल."

"बाई, ऐका, ती लीद..."

"गाडी चालवतेय मामा, आल्यावर!" फोन बंद झाला.

पुढचे दोन तास मोतद्दाराने खरे बोलण्याचा सराव केला. ऐकायला हवालदार होता. सकाळपासून उपाशी असल्यामुळे तो मध्येच संतापाने खिंकाळत होता.

बाई आल्या त्या दोन वार लांब नळी खांद्यावर टाकूनच. नळी बघून हवालदाराने कान मागे टाकले. बाईंनी त्याच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे तर चक्कीसारखं चाललंय. तरी लीद कशी नाही?" त्यांनी घोड्याचे नाक धरले.

"नका बाई!" मोतद्दार मध्ये पडला. "त्याला त्रास नका देऊ. पडलीय लीद."

"कधी?"

"बाराला. आणि दीडला." त्याने घमेले उचलले, बादली उचलली. "आणि ही तीनची."

बाई तिन्ही ढिगांकडे बघत राहिल्या. "मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही! तिकडे मालकांनी गाडी सांगून ठेवलीय! अहो, का असं केलंत?"

"पडली म्हटलं असतं तर तुम्ही फोन ठेवला असता," मोतद्दार म्हणाला. त्याला दुसरे काही सुचले नाही, आणि सुचले असते तरी तेच खरे होते.

बाईंनी नळी गुंडाळली. हातमोजा घालून एक लीद फोडून बघितली. मालकांना फोन करून "बरा आहे, उशिरा कळलं" एवढेच सांगितले. मग विचारले, "दिवसातून किती वेळा खायला घालता त्याला?"

"मी चहा प्यायलो की त्याला मूठभर चंदीचा दाणा. एकट्यानं काही खाववत नाही हो."

"आणि चहा किती वेळा?"

"नऊ-दहा वेळा."

"दिवसभर चंदी चारून विकतचं दुखणं घेतलंत." बाईंनी कागद काढून लिहायला सुरुवात केली. चंदी सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, मोजून. गवत भरपूर. पाणी ताजे. चारा बदलायचा तर हळूहळू. रोज फिरवणे. "आणि रोज संध्याकाळी सहाला मला फोन करायचा. किती लीद, कशी लीद, पाणी किती प्यायला, सगळं सांगायचं."

"तो बरा असला तरी?"

"बरा असला तरच सहाला. नसला तर लगेच. आणि खोटं बोललात तर ही नळी तुमच्या नाकात घालीन."

दुसऱ्या दिवशी पाचपासूनच मोतद्दार फोन हातात घेऊन बसला. सहाला त्याने अहवाल दिला. सात ढीग, रंग चांगला, पाणी दोन बादल्या. सगळा अहवाल पाऊण मिनिटात आटोपला. आता "ठेवते" ऐकायला मनाची तयारी करून तो थांबला.

"त्या घोडीचं शिंगरू उभं राहिलं बरं का," बाई म्हणाल्या. मग शिंगरू कसे धडपडले ते सांगितले. मग त्या घोडीच्या मालकाचा तिरसटपणा. मग आपली गाडी चढावर कशी धापा टाकते ते. मग म्हणाल्या, घरी आल्यावर दिवा आधी कुठला लावायचा ते कळत नाही, कारण कुठल्याच खोलीत कोणी नसतं. मोतद्दार हुंकार देत ऐकत राहिला. साडेसहा झाले. हवालदार रिकाम्या घमेल्यावर तोंड आपटू लागला.

"बाई, आता ठेवतो हं," मोतद्दार म्हणाला. हे शब्द आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघत होते. "चंदीची वेळ झालीय. तुम्हीच लिहून दिलंय, ठरल्या वेळी."



"हो हो, ठेवा," बाई म्हणाल्या. "मग उद्या साडेपाचला करा."