पालकांनी हात लावू नये

साहेब, गुन्हा तुमचा आहे. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, कारण परिपत्रकाखालची सही कोंबडीने अंगण उकरल्यासारखी आहे. पण 'शिगम्यानिमित्त मुलांनी टाकाऊ वस्तूंपासून पारंपरिक कलाकृती स्वतः तयार करून शनिवारी दुपारी बारापर्यंत शाळेत आणावी, पालकांनी हात लावू नये' हे लिहिलंत तुम्ही आणि भोगतोय मी!

कलाकृती म्हणजे काय ते मला शिकवू नका. आमच्या डिचोलीकडे शिगम्याला घोडेमोडणी असते. बांबूचा सांगाडा, वर कागद, पुढे घोड्याचं डोकं, मागे शेपूट, आणि मधे तो कमरेला बांधून नाचणारा माणूस. तीन पिढ्या आमच्या घरचा माणूस त्या घोड्यात असतो. मी नुसतं बघितलं तरी बांबू आपोआप वाकतो!

पण माझी मुलगी सिद्धी, इयत्ता चौथी, माझ्यावर चिडून होती. गेल्या वर्षी मी तिला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तयार मुखवटा आणून दिला आणि त्यावरची किमतीची चिठ्ठी काढायला विसरलो. मॅडमनी तो अख्ख्या वर्गासमोर उंच धरला. पोर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. यंदा तिने जाहीर केलं, की घोडा करणार, एकटी करणार, आणि पपांनी बोट जरी लावलं तरी शाळेचं तोंड बघणार नाही.

मी शब्द दिला. पण घोडा कमरेत नीट बसायला माप तर हवं? म्हणून शनिवारी सकाळी सातला मी अंगणात दोन्ही हात वर करून उभा राहिलो, पोलिसांनी दारूच्या गाडीसकट धरल्यासारखा. आणि सिद्धीने चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीतून उरलेल्या बांबूच्या पट्ट्या, तार, वर्तमानपत्रं आणि मैद्याची खळ घेऊन माझ्याभोवतीच घोडा बांधायला घेतला.

"पपा, पोट आत घ्या."

घेतलं. तिने तार आवळली.

माझी बायको विनिता कोरगावची, तिकडे पेडण्याची. पायरीवर बसून तांदूळ निवडत म्हणाली, आमच्याकडे लोक आधी घोडा करतात, मग त्यात शिरतात. मी लक्ष दिलं नाही. बायकोच्या माहेरचं ज्ञान आणि फणसाचा चीक, अंगाला लावून घेऊ नये.

मार्चच्या उन्हात नऊपर्यंत शेपूट सोडून सगळी खळ दगडासारखी वाळली. घोडा असा देखणा झाला, की मी अभिमानाने श्वास सोडला. पोट आपल्या जागेवर आलं. आणि घोडा निघेना!

विनिता पालक, म्हणून तिलाही हात लावायची बंदी. शेवटी शेजारच्या बाबलीला बोलावलं. त्याने वर ओढला, तर पोट आडवं. खाली ओढला, तर कंबर. खोबरेल ओतलं, तर मी पाय घसरून माडाला आदळलो, घोडा जागचा हलला नाही. मग बाबलीने कोयता आणला. एकच पट्टी कापायची म्हणाला. पण त्याच पट्टीवर सगळा घोडा उभा होता. सिद्धी कोयत्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही.

"पपा, तुम्ही असेच चला."

शाळा दोन किलोमीटर. स्कूटरवर बसता येईना, रिक्षात मान मावेना. चालत निघालो. साडेनऊ वाजले होते. वेळच वेळ होता!

आता गावची गोष्ट सांगतो. यंदा देवळात नारळ आधी वरच्या वाड्याचा ठेवायचा की खालच्या, यावरून जुंपलेली, आणि आमचं घर नेमकं दोघांच्या हद्दीवर. त्यामुळे गावचे घोडे देवळापुढच्या मांडावरून हललेच नव्हते. लोक घोड्यासाठी आसुसलेले. आणि भर रस्त्यात त्यांना मी दिसलो.

पहिल्याच घरातून शेवंती काकी बाहेर आली. "घोडो आयलो गे सूनबाई, दिवो हाड!"

मी म्हटलं, काकी, हा शाळेचा आहे. ती म्हणाली, घोडो तो घोडो. पायांवर पाणी घातलं, सुनेने आणलेल्या दिव्याने ओवाळलं, नारळ दिला. दारी आलेला घोडा नाचल्याशिवाय जात नाही. नाचलो. आणि एका दारात नाचल्यावर पुढचं दार चुकवायचं नसतं. चुकवलं तर त्या घरचं माणूस वर्षभर तुमच्याशी बोलत नाही. वाटेवर घरं सत्तावीस!

दहाव्या घरी कोणीतरी ढोल आणला. पंधराव्याला तासो आला. नारळांचं पोतं बाबलीच्या खांद्यावर. सिद्धी पुढे, घड्याळ बघत. "पपा, थोडक्यात नाचा."

वडाजवळ वरच्या वाड्याचा गौरेश आडवा आला. भांडण मिटायच्या आधी खालच्या वाड्याने घोडा काढलाच कसा? मागून खालच्या वाड्याचा सुधीर धावत आला, घोडा तुमचाच, चोरून काढलात! एकाने मान धरली, दुसऱ्याने शेपूट. मधे मी.

"घोडा माझा आहे," सिद्धी म्हणाली. "शेपूट सोडा, तिथली खळ ओली आहे."

दोघांनी सोडलं. चौथीतल्या मुलीचा घोडा कोणाच्याच मानाच्या भांडणात बसत नव्हता, म्हणजे त्याच्यामागे कोणीही नाचायला मोकळा! दोन्ही वाडे 'शबय शबय' असा शिगम्याचा घोष करत एकत्र निघाले. बारा वाजायला पाच मिनिटं असताना शाळेच्या फाटकातून आधी घोड्याचं डोकं, मग मी, मग दोनशे माणसं आत शिरली.

समीक्षा मॅडमनी घोड्याच्या गळ्यातली चिठ्ठी वाचली. सिद्धीच्याच अक्षरात होती: 'साहित्य – बांबू, तार, वर्तमानपत्र, खळ, पपा.'

पालकांचा सहभाग दिसतो, म्हणून त्यांनी लाल पेन उचललं. सकाळपासून पहिल्यांदाच सिद्धीने घड्याळ सोडून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "मॅडम, सातपासून हे हात वरच आहेत. गावाला विचारा." दोन्ही वाड्यांनी साक्ष दिली. मॅडम म्हणाल्या, तरी साहित्य टाकाऊ असायला हवं.

इतक्यात स्कूटरवरून विनिता पोचली. "टाकाऊच आहे, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "बरीच वर्षं घरात पडून आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. निर्णय वरून येईल म्हणाल्या.

आज मंगळवार, साहेब. निर्णय आलेला नाही आणि तोवर सिद्धी पट्टी कापू देत नाही. रोज सकाळी मला प्रदर्शनात चौदा नंबरवर उभं करतात. डाव्या बाजूला करवंटीचं कासव, उजव्या बाजूला बाटलीची फुलदाणी. रात्री भिंतीला टेकून झोपतो. हे पत्रही वही कपाटावर ठेवून उभ्यानेच लिहितोय, घोड्याला हात लागू नये म्हणून.

तेव्हा लेखी कळवा. मी मदत आहे की साहित्य? टाकाऊ लिहिलंत तरी माझी हरकत नाही. पण पोरीचा घोडा पास की नापास? उत्तर द्या!