मास्तरांचं कोरडं मीठ

दोष मास्तरांचाच. यंत्राचा नाही, मिठाचा नाही, दमट हवेचा तर मुळीच नाही. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी नेमकं त्या दिवशी कानातलं यंत्र न काढताच आंघोळ केली.

नेमकं त्या दिवशी, कारण दुपारी मेहुणा येणार होता. त्याला मास्तरांची आतली खोली हवी होती. घरात कडी लागणारी तेवढी एकच. पुस्तकं, झोप, सगळं तिथेच. सासरच्यांना जन्मात नकार न दिलेल्या मास्तरांनी आठवडाभर आरशासमोर "नाही" घोटलं होतं.

बायको म्हणाली, दुकानात दाखवा. पण दुकानातल्या माणसाला विचारायचं म्हणजे आपल्याला काही येत नाही हे कबूल करणं! (मास्तरांनी अशी कबुली कधी दिली नाही. विद्यार्थ्यांकडून मात्र रोज घेतली.) त्यांनी वाटीभर मीठ ओतलं आणि यंत्र सेलसकट त्यात पुरलं.

"मीठ ओलावा ओढून घेतं."

बायको कानाशी तोंड नेऊन ओरडली, "अहो, आत सेल आहे! वीज वाहील ना मिठातून!"

"अगं, आयनिक संयुग ते. आयन जागच्या जागी जखडलेले. घनरूपात वीज वाहत नाही."

"आणि पुढचं? पाण्यात विरघळलं की आयन सुटतात, वीज वाहते!"

"तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच! तीस वर्षं याच घरात शिकवण्या घेतल्यात. स्वयंपाकघरातून ऐकत होते मी. तुमच्या वर्गात जागी असलेली मी एकटीच!"

मास्तरांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं. (फारसं करावं लागलं नाही.) मोठ्या माणसांची ही खोडच असते: अर्धं वाक्य पाठ असलं, की उरलेलं अर्धं खोटं.

दुपारी वाटीत ओला गोळा होता, यंत्रावर हिरवट खरपुडी, आणि दारात मेहुणा. "मला ऐकू येत नाही," एवढं म्हटलं असतं तरी मास्तर सुटले असते. पण मग मिठाचं सांगावं लागलं असतं. ते बंद यंत्र कानात खोचून ऐटीत बसले. बायको चहा टाकायला आत गेली.

"भाऊजी, तुमची आतली खोली द्याल का?"

मास्तरांना ऐकू आलं "गोळी". मेहुण्याचं डोकं कायम दुखतच असतं.

"घे की! त्यात विचारायचं काय? मला हल्ली लागतच नाही."

मेहुणा गडबडला. भांडायच्या तयारीने आला होता बिचारा. "वर्षभर तरी लागेल हो."

"वर्षभर घे. फक्त उपाशीपोटी नको."

"छे छे, जेवूनच येईन! पण बायको आहे, दोन मुलं आहेत..."

"त्यांनाही दे. मुलांना अर्धी अर्धी."

बायको चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, भाऊजी देवमाणूस आहेत गं!"

मास्तर प्रसन्नपणे मान डोलवत होते.

रविवारी मेहुणा सामान घेऊन आला. वाटीभर मीठ मास्तरांना एका यंत्राला आणि एका खोलीला पडलं.